लालासाबांचा आवाज आणि कर्ण्याचं तोंड

सन्माननीय अध्यक्ष हंबीरराव, व्यासपीठावरची पंचमंडळी, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते लालासाब चाचा, आणि समोर बसलेले वस्ताद, पैलवान, लांबून आलेले पावणं, सगळ्यांना नमस्कार. माझी शाळा इंग्रजी. मराठी अडखळली तर हसा, पण ऐका.

छत्रपती सरकारांच्या आश्रयानं कोल्हापुरात कुस्तीला तोटा नाही. पण निकाल पुकारावा तो चाचांनीच. गेल्या वर्षी त्यांचा घसा बसला, मागच्यांना ऐकू जाईना. नवा माणूस बघा, असं अध्यक्षसाहेबच म्हणाले होते. रागावू नका साहेब, खरं तेच सांगतोय.

घरच्या ग्रामोफोनपुढं बसलं की मला नवल वाटायचं, एवढ्याशा सुईचा आवाज अख्खं घर कसा भरतो? म्हणून त्याचा भोंगा बघून पत्र्याचा लांब, निमुळता कर्णा करून चाचांना दिला. पहिल्याच पुकाऱ्याला मागून कुणीतरी विचारलं, "लालासाब, शेळी गिळली काय वो?"

खोट तोंडात होती. म्हणजे कर्ण्याच्या! लहान तोंडाशी जाड आवाज माघारी फिरायचा, बारीक तेवढा बाहेर पडायचा. मग तोंड धोतऱ्याच्या फुलासारखं रुंद केलं, कड बाहेर वळवली. काय सांगू तुम्हाला? घसा तोच, पत्रा तोच, आणि चाचांचा भरदार आवाज परत आला. नुसत्या आकारानं!

पण आता बारीक आवाज सरळ समोरच जायचा, बाजूच्यांना शब्द नीट कळेनात. मी म्हटलं, दोन कर्णे ठेवू. मोठ्यातून चाचांचा जाड आवाज, लहानातून आपल्या तालमीतल्या कृष्णाताचा बारीक. चाचा म्हणाले, "निकाल दोन तोंडांनी सांगत न्हाईत, पोरा. एक चुकला तर डोकी फुटत्यात."

म्हणून एकच ठेवला. तोंड जरा आवळलं, कड वळलेलीच ठेवली, आणि बाजूच्यांनाही शब्द कळू लागले.

परवा मोठ्या जोडीची कुस्ती बरोबरीत सुटली. मागं अफवा उठली, आपला पैलवान पाडला म्हणून. लोक कुस्तीच्या हौद्याकडं लोटले, काठ्या निघाल्या. चाचा कर्णा घेऊन उठले.

"बरोबरी! कुणी हरलं न्हाय!"

आधी पुढचे खाली बसले. मग मधले. मग पार टेकाडावरचे. आवाज पुढं जाताना मी डोळ्यांनी पाहिला हो!

खाली उतरून चाचा एवढंच म्हणाले, "आता जातो जयसिंगपूरला, लेकीकडं. मला कुणी काढलं न्हाय. मी चाललोय."

मला बोलू दिलंत, उपकार झाले. लहान तोंडी जास्त गेलं असेल, तर पोटात घाला.