खेळाच्या कपाटाचं कुलूप

मोठ्या बाई : ...बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी मुलांना वर्गातून पळताना पाहिलंय, कुंपणावरून उड्या टाकताना पाहिलंय. पण शिक्षकांच्या संडासाचं कुलूप उघडून बाहेर रांग लावलेली काल पहिल्यांदा पाहिली.

आजोबा : रांग लावली होती? मग शिस्त चांगली आहे की तुमच्या शाळेत.

मोठ्या बाई : आजोबा, मी तुम्हाला हसायला बोलावलेलं नाही.

आजोबा : हसत नाहीये बाई. चेहराच तसा आहे माझा. दुकानात गिऱ्हाईकं चिडायची. किल्ली हरवून माणूस रडकुंडीला आलेला, आणि समोर हे हसरं थोबाड.

मोठ्या बाई : शनिवारी 'घरचा गुरू'च्या तासाला तिसरीच्या वर्गाला तुम्ही नेमकं काय शिकवलंत?

आजोबा : कुलूप उघडायला.

मोठ्या बाई : किल्लीने?

आजोबा : किल्लीने उघडायला गुरू कशाला लागतो? तुम्हीच चिठ्ठी पाठवलीत ना, घरच्या कुणीतरी यावं आणि आपल्या हातातली कला मुलांकडून करून घ्यावी. पंचेचाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली मी. आता काय कागदाची फुलं करून दाखवू?

मोठ्या बाई : काय हरकत होती? एका आईने फुलंच शिकवली. दातांच्या डॉक्टरांनी दात घासायला शिकवलं. बँकेतल्या एका बाबांनी बचतीवर...

भिंगरी : बँकवाल्या काकांच्या तासाला सगळे झोपले होते बाई. तुम्हीपण.

मोठ्या बाई : मी डोळे मिटून ऐकत होते. आणि मोठी माणसं बोलताना तू मध्ये बोलू नकोस.

आजोबा : भिंगरे, गप. बाई घोरत नव्हत्या ना? मग ऐकतच असणार.

मोठ्या बाई : आजोबा!

आजोबा : बरं, राहिलं. पण एक सांगतो. आधी दोन नियम पाठ करून घेतले मी सगळ्यांकडून, मगच तारेला हात लावू दिला. एक, ज्याचं कुलूप त्याला विचारल्याशिवाय उघडायचं नाही. दोन, उघडलेलं कुलूप होतं तसं परत लावायचं. बोल गं, सांगितलं होतं की नाही?

भिंगरी : तीनदा. आणि वहीत लिहूनपण घेतलं.

मोठ्या बाई : मग काल मधल्या सुट्टीत कुणाला विचारलंत तुम्ही?

भिंगरी : फाटकावर लिहिलंय ना मोठ्या अक्षरात, 'ही शाळा तुमची आहे'. मग आम्ही आम्हालाच विचारलं. सगळे हो म्हणाले.

आजोबा : हं.

मोठ्या बाई : हसू नका.

आजोबा : खोकला आला बाई.

भिंगरी : आणि बाई, त्या संडासात साबण आहे! आणि टॉवेल! आमच्या संडासात तर कडीपण नाही. एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेर दार धरायचं. धरणारी पळून गेली की मग...

आजोबा : म्हणतात ना, आपलीच मोरी अन्...

मोठ्या बाई : पुढचं म्हणू नका! लहान मुलगी बसलीय समोर.

आजोबा : तिनेच शिकवली मला ही म्हण. तुमच्या शाळेतून शिकून आली.

मोठ्या बाई : हे बघा, संडासाचं मी एक वेळ सोडून देईन. पण खेळाचं कपाट? पाच वर्षं ते बंद आहे. किल्ली हरवलीय म्हणून. काल हिने आणि हिच्या चार मैत्रिणींनी ते उघडलं, चेंडू बाहेर काढले आणि मैदानभर...

भिंगरी : चेंडूंवर अजून दुकानाची चिठ्ठी होती बाई. रिंगा होत्या, दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या होत्या, आणि एक शिट्टी होती. पण आम्ही दहाच मिनिटं खेळलो. मग सगळं आत ठेवलं आणि कुलूप लावलं.

आजोबा : नियम दुसरा.

मोठ्या बाई : त्या दहा मिनिटांत फाटकाबाहेरच्या पालकांनी पाहिलं. आता दोन आया मला विचारतायत, पाच वर्षं वेळापत्रकात रोज शेवटचा तास खेळाचा आहे, मग मुलं खेळतात तरी काय?

आजोबा : काय खेळता गं?

भिंगरी : पुतळा-पुतळा. बाकावर बसून. जो हलत नाही तो जिंकतो. बाई तेवढ्यात वह्या तपासतात.

आजोबा : वा. म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची होती, आणि आमच्या पोरींनी ती उघडली.

मोठ्या बाई : तुम्ही विषय भलतीकडे नेऊ नका. मी ठरवलंय. एक, तुम्ही मला लेखी द्याल की असं पुन्हा होणार नाही. दोन, ही वर्षभर शनिवारच्या तासाला बसणार नाही. आणि तीन, तक्त्यावरचा तारा हिला मिळणार नाही.

आजोबा : कसला तारा?

मोठ्या बाई : हिने सांगितलं नाही? व्हरांड्यात तक्ता आहे. घरून कुणी येऊन तास घेतला की त्या मुलाच्या नावापुढे सोनेरी तारा लागतो. हिचा काल लागणार होता. आता नाही.

आजोबा : भिंगरे, तू तर म्हणालीस, बाईंनी हट्टच धरलाय, आजोबांना बोलावल्याशिवाय शाळा चालणार नाही. बोल की. एरवी तर तोंडाचा पट्टा चालू असतो.

भिंगरी : तक्त्यावर माझंच नाव रिकामं आहे. पहिलीपासून. बाबा बोटीवर असतात, आणि आईची हॉस्पिटलात रात्रपाळी असते, ती शनिवारी झोपते. वर्गातली मुलं म्हणतात, हिच्या घरी कुणी नाहीच आहे. हिला शाळेनेच पाळलंय.

आजोबा : हे घरी का नाही सांगितलंस?

भिंगरी : तू दोनदा नाही म्हणाला होतास. मग मीच चिठ्ठीवर तुझी सही केली.

मोठ्या बाई : ही सही हिची आहे? तरीच म्हटलं, आजोबांचं अक्षर इतकं सुवाच्य कसं.

आजोबा : बाई, ऐका माझं. शिक्षा मला द्या. लेखी देतो, कान पकडतो, म्हणाल तर तास होईपर्यंत बाकावर उभा राहतो. पण पोरीचा तारा अडवू नका. तिने काय चोरलं? साबणाचा वास घेतला आणि चेंडूला लाथ मारली.

मोठ्या बाई : एकाला सोडलं की उद्या सगळे... बरं, ते राहू द्या. आजोबा, तुम्ही इतकी वर्षं या धंद्यात होतात म्हणता. म्हणजे जुनी कुलपं वगैरे तुम्हाला सहज... म्हणजे समजा, एखाद्याला तातडीने... तसं काही नाही, सहज विचारतेय.

आजोबा : बाई, ताकाला आलात, तर भांडं कशाला लपवता?

मोठ्या बाई : उद्या साहेब येतायत. उपक्रमांची तपासणी आहे. फोनवर म्हणाले, खेळाचं साहित्य बघायचंय. आणि तुमच्या या शिस्तीच्या पोरींनी कपाट परत घट्ट लावून ठेवलंय!

आजोबा : मग घण घालून तोडा की.

मोठ्या बाई : साहेब विचारतील ना, कुलूप का तोडलं? किल्ली कुठे गेली? कधीपासून? मग मी काय सांगू, पाच वर्षं पुतळा-पुतळा?

आजोबा : म्हणजे उघडायला यायला हवं, पण कुणाला शिकवलेलं चालत नाही. छान.

मोठ्या बाई : उघडून द्या. तारा लागेल. शनिवारचा तासही चालू राहील. माझा शब्द.

आजोबा : आत्ता? लगेच?

मोठ्या बाई : का हो? दोन मिनिटांचं तर काम आहे तुमचं.

भिंगरी : बाई, आजोबांना आता वेळ नाही. आम्हाला दळण आणायचंय.

आजोबा : दळण कुठे पळून जातंय? चला बाई. दाखवा कपाट.

(तिघं व्हरांड्याच्या टोकाला, खेळाच्या कपाटासमोर.)

मोठ्या बाई : काय झालं? तार जात नाहीये का आत?

आजोबा : जाईल. गंजलंय जरा.

भिंगरी : बाई, आजोबांचा चष्मा घरी राहिला. चष्म्याशिवाय त्यांना...

मोठ्या बाई : चष्मा तर डोळ्यांवर आहे.

भिंगरी : तो लांबचा आहे. जवळचा घरी आहे. शिवाय इथे उजेड नाही. शिवाय तुम्ही बघताय म्हणून...

आजोबा : भिंगरे. पुरे.

भिंगरी : पण आजोबा...

आजोबा : पुरे म्हटलं ना. बाई, हा हात बघा. असा हलतो. दीड वर्ष झालं. तारेचं टोक भोकाशी जातं आणि नाचायला लागतं. घरी सगळ्यांना सांगितलं, कंटाळा आला म्हणून दुकान बंद केलं. कंटाळा कसला? गिऱ्हाइकासमोर तीन-तीनदा तार खाली पडायची. लाज वाटायची.

मोठ्या बाई : मग शनिवारी मुलांसमोर...?

आजोबा : तेच झालं. तीस पोरं डोळे फाडून बघतायत, आणि माझं टोक काही आत जाईना. म्हणूनच नको म्हणत होतो मी यायला. तेवढ्यात ही उठली आणि म्हणाली, "माझे आजोबा इतके मोठे उस्ताद आहेत की स्वतः हात लावत नाहीत. ते नुसतं सांगतात, आपण करायचं." मी सांगत गेलो, ही करत गेली. वर्गाने टाळ्या वाजवल्या त्या मला! मीपण निर्लज्जासारख्या घेतल्या.

भिंगरी : तुझ्याच होत्या. मला कुणी शिकवलं मग?

आजोबा : घरी बसून बसून हिला शिकवलं, दुसरं काय करणार होतो? तर बाई, असं आहे. उस्तादाचं हे सोंग आहे. आता तारा द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

मोठ्या बाई : थांबा. सोंगाचं निघालंय, तर माझंही ऐका. ती किल्ली हरवली नव्हती.

आजोबा : मग?

मोठ्या बाई : पाच वर्षांपूर्वी चेंडूने माझ्या खोलीची काच फुटली. मी रागाने कपाट बंद केलं आणि किल्ली जपून ठेवली. इतकी जपून ठेवली की पुढे मलाच सापडेना. मग हरवली म्हणणं सोपं पडलं.

आजोबा : माझं निम्मं दुकान अशा जपून ठेवणाऱ्यांवरच चाललं बाई.

मोठ्या बाई : घे गं ती तार आजोबांकडून.

भिंगरी : मी? पण मला शिक्षा आहे ना?

मोठ्या बाई : शिक्षा नंतर बघू. आधी कुलूप.

आजोबा : ज्याचं कुलूप त्याला विचारलंस का?

भिंगरी : बाई, उघडू?

मोठ्या बाई : उघड बाई, उघड.

आजोबा : घाई नको. रेटायचं नाही. आत गेली की खटका लागेल हाताला, तिथे थांब. लागला? आता जरासं वर. श्वास घे. माझ्याकडे काय बघतेस, हाताकडे लक्ष दे. आता फिरव.

भिंगरी : निघालं!

मोठ्या बाई : कालपेक्षा लवकर निघालं म्हणायचं.

भिंगरी : काल आजोबा सांगायला नव्हते ना.

आजोबा : बाई, हे कुलूप मी खिशात घालून नेतो. माझी मजुरी म्हणून. कपाट काही पुन्हा लागायला नको.

मोठ्या बाई : आणि तुमचा दुसरा नियम?

आजोबा : तो पोरांसाठी होता. मोठ्यांनी एकदा उघडलेलं राहू द्यावं.

मोठ्या बाई : न्या. आणि साबण मी आजच पाठवते मुलींच्या संडासात. कडी बसवायला मात्र तुम्हालाच यावं लागेल. शनिवारी. मुलं बसवतील, तुम्ही नुसतं सांगा.

आजोबा : उस्ताद हात लावत नसतात.

मोठ्या बाई : हा घ्या तारा. तक्ता तो समोर. नियम असा आहे की घरून आलेल्याने तो स्वतःच्या हाताने चिकटवायचा.

आजोबा : तूच लाव गं भिंगरे. माझ्याच्याने त्या एवढ्याशा चौकटीत नाही बसायचा.

भिंगरी : नाही. घरच्यानेच लावायचा असतो. सगळ्यांच्या घरच्यांनी लावलाय.

आजोबा : हात हलतोय.

भिंगरी : हलू दे. मी मनगट धरते. वर... अजून थोडं वर... आता दाब.

आजोबा : वाकडा लागला की गं.

भिंगरी : असू दे. वाकडाच चांगला. लांबूनसुद्धा कळेल, तू लावलास ते.