चूक तुमच्या प्रोग्रॅमचीच आहे

नाही रे बाबा, बंद करून पुन्हा चालू करून झालंय – फोनवर तूच सांगितलंस ना मघाशी? म्हणून तर जिने चढून आले तुमच्या या गारठलेल्या खोलीत. प्रोग्रॅम तू लिहिलायस, तर चूकही तूच शोध. खुर्ची राहू दे, मी उभीच बरी. आणि कपाचं मनावर घेऊ नकोस, ओला होता म्हणून सटकला दारात, काचा मी भरते नंतर.

तर ऐक. एक जनुक बिघडलंय, त्याला गप्प करायचंय – त्यासाठी आरएनएचा असा तुकडा हवा, जो बिघडलेल्या जनुकाने पेशीत धाडलेल्या निरोपाला चिकटेल आणि चांगल्याला हातही लावणार नाही. दोघांत फरक एका अक्षराचा, म्हणजे काम किती नाजूक बघ. तुकडा कसा असावा ते तुमच्या प्रोग्रॅमने सांगितलं, झकास सांगितलं, मी कुठे नाही म्हणतेय? मग म्हटलं, निरोगी माणसांच्या जनुकांवर ताडून पाहू, तिथे चिकटायला नको. आमच्या सरांचं घातलं – हिरवी पट्टी. काचसामान धुणाऱ्या मावशींचं घातलं – हिरवी. आणि शेवटचा नमुना घातला तर लाल. पूर्ण चिकटतो म्हणे. निरोगी माणसाला कसा चिकटेल? काहीतरीच. आठवडाभर तेच करतेय, डोकं उठलंय नुसतं.

घाई कसली म्हणजे? आमच्या धाकट्यासाठी आहे ते. शाळेची बस चालवायचा, परवा आपणहून किल्ली देऊन आला – म्हणाला, ताई, मागे पोरं बसलेली असतात गं. वडिलांचंही हेच. दुकानांच्या पाट्या रंगवायचे, अक्षर असं की माणूस रस्त्यात थांबून बघायचा, आणि मग ओळ वाकडी जायला लागली. लोक म्हणायचे, सकाळी सकाळीच घेऊन आलाय. आयुष्यात थेंबाला शिवले नाहीत ते. आईने सगळं मुकाट ऐकून घेतलं, कारण रोगाचं नावच कुणाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे, म्हणून तर इतका राग येतो – नाव ठाऊक, अक्षर ठाऊक, तुकडाही सापडलाय, आणि तुमचा हा दीडशहाणा निरोग्यालाच आजारी म्हणतोय. असला तुकडा सर पुढे जाऊ देतील का? धाकट्याला काय सांगू मी?

काय बघतोयस एवढं? धाकट्याचीच फाइल दोनदा घातली गेली असेल? हो – तेच असणार, मलाही तेच वाटलं होतं. बघ, बघ नीट.

वेगळी आहे?

बाईची आहे – हो, दिसणारच ते तुला. सरांनीही विचारलं होतं, शेवटचा नमुना कुणाचा. मी म्हटलं, ओळखीतली बाई आहे, ठणठणीत आहे. आहेच की. धाकट्यापेक्षा मोठी आहे मी, यायचं असतं तर आधी मला आलं नसतं का? कप काय, कुणाच्याही हातून पडतो. काल किल्ली पडली, ती घाईत होते म्हणून. असा बघू नकोस माझ्याकडे. तू लिहिलायस ना हा, मग एकदा म्हण की चुकलाय, रात्रभर बसून दुरुस्त करतो म्हण, मी काही वरती तक्रार करणार नाही तुझी. म्हणायला काय जातंय तुझं?

बरं.

घालव ती लाल पट्टी समोरून. तुकडा चांगला आहे मग. धाकट्याला तेवढंच सांगीन, की तुकडा चांगला निघाला. झाडू कुठे असतो तुमच्याकडे? इकडे दे –

राहू दे. तूच भर काचा. आणि दार ओढून घे, मी जाते.