गिअरबॉक्सचं ऑइल

तुम्ही हसाल, पण घरात गाडी असून मला ती चालवता येत नाही. चालवायची माझी बायको, शैला; मी फक्त ऑइल बघायचो. जुनी ऑटोमॅटिक, मीटर कधीच लाखाच्या पुढे गेलेला. तिच्या गिअरबॉक्सचं ऑइल इंजिन चालू ठेवूनच बघावं लागतं. शैला ब्रेक दाबून सगळे गिअर एकदा फिरवायची, मग मी बॉनेटखाली ऑइलची पट्टी ओढून बघायचो.

ती गेल्यावर महिन्याभराने शेजारच्या पास्कलला म्हटलं, "जरा आत बसतोस? नुसती उभी राहून गिअरबॉक्स जाईल रे."

पास्कल म्हणजे दोन माणसांचा एक. कसाबसा आत शिरला. पोट स्टिअरिंगला टेकलं, गुडघे वर आले.

"अरे, वहिनी एवढ्याशा जागेत बसायच्या? थांब, सीट मागे घेतो."

"नको!" मी जरा जोरातच म्हणालो. "तिने लावलीय ती."

पास्कलने सीटखाली घातलेला हात काढून घेतला. इंजिन चालू केलं, ब्रेक दाबला, एकेक गिअर फिरवला. मी पट्टी ओढली, पण डोळ्यांना काही नीट दिसेना. पुसून पुन्हा घातली.

"बघ सावकाश," पास्कल आतून म्हणाला. "मी ऐसपैस बसलोय."