सासूबाईंची मेथी

दहिसरच्या दवाखान्यात पद्मजाच्या मागच्या बाकावर दोघी शेजारणी बोलत होत्या.

“माझ्या फ्रिजमध्ये मेथी पंधरा दिवस हिरवीगार राहते, मालनताई!”

“तुझं कसलं कौतुक? ते तर तुझ्या सासूबाई करायच्या. ओल्या पेपरात गुंडाळून वर दोरा.”

“अजून तशीच गुंडाळलेली असते.”

“रुचिरा, त्यांना जाऊन दोन महिने झाले गं.”

“म्हणून तर! मला वाटायचं आईची आठवण म्हणून हर्षद करतो, हर्षदला वाटायचं मी.”

“अगंबाई! मग?”

“काल तो फ्रिजसमोर गादी टाकून पहाऱ्याला झोपला.”

“आल्या त्या?”

“काय माहीत! ह्याचा डोळा लागला. सकाळी बघते तर पायापासून गळ्यापर्यंत ओल्या पेपरात गुंडाळलेला, वर दोरा.”

“बाई गं! आता कुठेय?”

“आत, डॉक्टरांकडे. सर्दी झालीये.”