उडी काय, कोणीही मारतं!

नऊ वाजून वीस मिनिटं! ही काय वेळ आहे का हो एखाद्या आईला 'ताई, जरा थांबा' म्हणायची? साडेनऊला मला कारखान्याच्या दारात अंगठा लावायचा असतो, एक मिनिट उशीर झाला तरी सुपरवायझर घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघतो... आणि इकडे बालवाडीच्या बाई हातात कागद घेऊन दारातच उभ्या. 'ताई, जरा थांबा.' तुम्हाला सांगते, या तीन शब्दांनंतर कोणाचं भलं झालेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

कागदावर वीस ओळी. बबडीला, म्हणजे आमच्या मुलीला, साडेतीन वर्षांची आहे, तिला काय काय येतं त्याची यादी. रंग ओळखते, बरोबरची खूण. चेंडू फेकते, खूण. स्वतःचं नाव सांगते, खूण... स्वतःचं काय, घरातल्या सगळ्यांची भांडणंसुद्धा सांगते, पण ती ओळ कागदावर नव्हती. एकोणीस खुणा हो! आणि विसाव्या ओळीवर लाल गोल. 'दोन्ही पाय उचलून उडी मारते.' त्यापुढे लाल गोल!

'काल सगळ्यांना रेघेवरून उडी मारायला लावली,' बाई सांगतायत, 'सगळी पोरं बेडकासारखी टणाटण! तुमची मात्र रेघेपाशी येते, पायात पाय अडकवते, फ्रॉकचं टोक मुठीत धरते आणि वर छताकडे बघत उभी! मी म्हटलं, अगं मार की. तर नुसती मान हलवते. उडी काय, कोणीही मारतं हो! एकदा दवाखान्यात दाखवून घ्या, ताई. पाय म्हणा, डोकं म्हणा... दाखवलेलं बरं. तोवर मी तिला वरच्या गटात नाही घेऊ शकत.'

डोकं म्हणा! अहो, सकाळी नऊ-वीसला कोणी आईच्या हातात 'डोकं म्हणा' देतं का? कारखान्यापर्यंतचा रस्ता कसा कापला ते मला माहीत नाही. अंगठा लागला नऊ छत्तीसला. माझं काम धागे कापायचं, शिवून आलेल्या शर्टांची लोंबणारी टोकं छोट्या कात्रीने उडवायची, आणि त्या दिवशी मी धाग्याबरोबर एका शर्टाची कॉलरच उडवली. शेजारी बटणवाली मावशी. तिला सांगायला नको होतं, पण तोंड म्हणजे तोंड... 'अगोबाई! साडेतीनची आणि उडी नाही? माझा नातू दीड वर्षाचा असताना खाटेवरून उडी मारायचा!'

'आणि मग?'

'मग पडले दोन दात. पण उडी मारली ना! उडी काय, कोणीही मारतं!'

घरी आले तर नवराही तेच. हे डिलिव्हरीची गाडी चालवतात, दिवसभर लोकांचे जिने चढतात, त्यामुळे पाय या विषयात स्वतःला फार जाणकार समजतात. उंबऱ्यावर बिस्कीट ठेवलं, बबडीला म्हणाले, 'मार उडी आणि घे.' पोरीने शांतपणे वाकून बिस्कीट उचललं आणि खाल्लं. आता यात डोकं कमी कुठे आहे, सांगा बरं! सासूबाई खुर्चीतून, 'आमच्या घराण्यात असे पाय कोणाचेच नाहीत.' म्हणजे पाय कोणाकडून आले ते तुम्ही समजा. आणि मग ह्यांनी ते वाक्य टाकलं. 'अगं, तूच एक मारून दाखव ना. तुझं बघून मारेल. उडी काय, कोणीही मारतं!'

'माझी टाच दुखतेय,' मी म्हटलं.

आता इथे मला जरा जवळ या. टाच वगैरे काही दुखत नव्हती. साडेतीन वर्षं मी टाच दुखवतेय, कंबर दुखवतेय, चप्पल तुटवतेय... कारण मला उडी मारता येत नाही. म्हणजे वर जाता येतं हो, पण खाली येताना मी एकटी येत नाही. थोडं पाणी आधी येतं! बबडीसमोर एकदाच मारून पाहिली होती, आणि तशीच न्हाणीघरात पळाले होते. बबडी झाल्यापासून हे असंच. शिंकले की थेंब, खोकले की थेंब, भरलेली बादली उचलली की थेंब, आणि हसले तर विचारूच नका. म्हणून मी हसणंच कमी केलं, तर बायका म्हणतात, बाळंतपणानंतर ही फार गंभीर झाली! कारखान्यातल्या चिंध्या आणून घड्या करून वापरायच्या, धुवायच्या, दोरीवर मागच्या बाजूला वाळत टाकायच्या. सासूबाईंना त्या सापडल्या, म्हणाल्या, 'चष्मा पुसायला काय मऊ कापड आहे गं,' आणि दोन महिने त्यांनी त्यानेच चष्मा पुसला, आणि मी दोन महिने त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. पाणी तर मी कारखान्याच्या अख्ख्या पाळीत, साडेनऊपासून सुटेपर्यंत, एक पेला प्यायचे. सांगणार कोणाला? सातवीपर्यंत शिकले, विज्ञानाच्या पुस्तकात हृदय होतं, फुप्फुसं होती, रंगीत चित्र होतं, पण चित्रातला माणूस कमरेखाली कोरा! तिथे काही बिघडतं हे धड्यातच नाही, तर दुरुस्तीचं कुठून येणार?

पण माझं जाऊ द्या. माझं मी झाकलेलं होतं. मला रडू यायचं ते बबडीचं. दवाखान्याची तारीख नऊ दिवसांनंतरची मिळाली, आणि ते नऊ दिवस मी पोरीकडे पोरीसारखं बघितलंच नाही, पायांकडेच बघत राहिले. झोपली की गुडघे चाचपायचे. आंघोळीला पोटऱ्या मोजायच्या, डावी-उजवी सारखी आहे ना? ती पोटात असताना मी कारखान्यात शर्टांच्या जड पेट्या उचलल्या, त्यानेच झालं असेल का? एक दिवस ती म्हणाली, 'आई, माझे पाय हरवलेत का?' काय सांगू तुम्हाला... मी तिचे पाय मांडीवर घेतले आणि दहाही बोटं मोजून दाखवली.

नवव्या दिवशी गेलो. सगळं घर! हे रजा टाकून, सासूबाई चष्मा लावून. खोलीत जमिनीवर निळी रबराची गादी, भिंतीवर एका पायावर उभं बदक, आणि व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई चक्क मांडी घालून खाली बसलेल्या. त्यांनी बबडीला पळवलं. चवड्यांवर चालवलं. तीन पायऱ्यांच्या लाकडी जिन्यावरून चढवलं, उतरवलं. एका पायावर उभं केलं, तर ती बदकापेक्षा छान उभी. मी श्वास धरून. शेवटी म्हणाल्या, 'पाय उत्तम. ताकद उत्तम. समज तर आपल्यापेक्षा जास्त. उडी येत नाही असं वाटत नाही मला. मारायची नाहीये तिला.' मग माझ्याकडे वळल्या. 'आई, तुम्ही या गादीवर. एक उडी मारून दाखवा, ती बघून मारेल.'

उडी मारा म्हणे! सकाळपासून घोटभर पाणी नाही, तरी मला माझा भरवसा नव्हता. 'माझी टाच...' मी म्हटलं. 'काल तर कंबर म्हणालीस,' हे म्हणाले. 'मार गं, लेकरासाठी मार,' सासूबाई म्हणाल्या, 'उडी काय, कोणीही मारतं!' चार माणसं, एक बदक, सगळे माझ्याकडे बघतायत. एका बाजूला पोरीचे पाय, दुसऱ्या बाजूला माझी लाज. तुम्ही काय केलं असतं? मी चप्पल काढली. गादीवर उभी राहिले. गुडघे वाकवले, डोळे मिटले... आणि त्या खोलीत नुकत्याच पुसलेल्या फरशीचा तो औषधी वास, तो थेट नाकात, आणि मला आली शिंक!

शिंक आली की माझं शरीर मला विचारत नाही. पायात पाय अडकले. हाताने कुर्त्याचं टोक मुठीत धरलं. मान वर, छताकडे. आणि शिंकून खाली बघते तर काय... समोर बबडी. पायात पाय. फ्रॉकचं टोक मुठीत. मान वर, छताकडे.

डॉक्टरीणबाई आधी माझ्याकडे बघतायत, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, 'किती दिवसांपासून?'

'साडेतीन वर्षं.'

'मुलीचं नाही, मी तुमचं विचारतेय.'

'मीपण माझंच सांगतेय,' मी म्हटलं, आणि रडू फुटलं.

डॉक्टरीणबाईंनी बबडीला जवळ घेतलं. 'तू उडी का मारत नाहीस गं?' तर कार्टी काय म्हणाली असेल? 'उडी मारली की ओलं होतं. मग आई रडते.' अहो, मी न्हाणीघराचं दार लावून रडायचे! झाकली मूठ, झाकली मूठ म्हणत होते, आणि ती मूठ हिने कधीच उघडून बघितलेली. तिला वाटलं, बाईच्या जातीने असंच उभं राहायचं असतं. मी चालायला शिकवलं, बोलायला शिकवलं, आणि न शिकवता हेही शिकवलं.

तेवढ्यात सासूबाई खुर्चीतून, 'अगं, एवढं काय त्यात? बाळंतपणानंतर होतंच ते. मला एकतीस वर्षं होतंय.'

'मी एकतीस वर्षांचा आहे,' हे बारीक आवाजात म्हणाले. आणि आता ते छताकडे बघायला लागले!

मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं. आपल्या खाली, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भाची पिशवी, सगळा संसार तिच्यावर. बाळंतपणात ती ताणली जाते, मग सैल पडते. म्हणाल्या, 'पुष्कळ जणींना होतं, पण पुष्कळ जणींना होतं म्हणून सोसायचं नसतं.' लघवी आणि वायू दोन्ही अडवल्यासारखं आत ओढायचं, वर ओढायचं, पाच आकडे धरायचं, मग पूर्ण सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही. लघवी करताना मधेच अडवून करायचं नाही. पाणी तोडायचं नाही. शिंक येतेय म्हटलं की पाय नाही, ती झोळी आवळायची. आणि घाई नाही, तीन महिने लागतील.

तीन महिने! आमच्या घरात काय चाललं विचारू नका. भिंतीला टेकून मी, खुर्चीत सासूबाई, आणि मध्ये बबडी आकडे मोजणार, 'एक, दोन, चार, पाच...' तीन हा आकडा तिने आमच्या सोयीसाठी काढूनच टाकला. कारखान्यात धागे कापताना करायचे, तर सुपरवायझर येऊन, 'ताई, पोटात दुखतंय का?' म्हटलं, नाही, बरं वाटतंय. पहिल्या महिन्यात काही नाही, नुसता वैताग. दुसऱ्या महिन्यात एक शिंक कोरडी गेली. एक शिंक! मी ह्यांना फोन करून सांगितलं, गाडी बाजूला घेऊन ऐकली त्यांनी.

आणि तीन महिने होऊन गेल्यावर एका रविवारी मी उंबऱ्यावर उभी राहिले. आत ओढलं, वर ओढलं, आणि मारली! दोन्ही पाय उचलून! बबडी आली, खाली बसली, फरशीला हात लावून बघितला, माझ्या पायांमागे जाऊन बघितलं. मग म्हणाली, 'कोरडं आहे.' आणि तिने मारली. ती उडी, तुम्हाला सांगते... बोटभर उंच असेल, पण मला ती छताएवढी दिसली.

सुखात राहू देतील तर शप्पथ! मागच्या सोमवारी, सकाळी नऊ-वीस. 'ताई, जरा थांबा.' पुन्हा त्याच बाई! 'हिला आवरा हो! एका जागी म्हणून बसत नाही. पाणी प्यायला उडी, डब्याला उडी. आणि परवा मी शिंकले, तर सगळ्या वर्गादेखत येऊन फरशी बघून गेली. वर मला सांगते, बाई, आत ओढा, वर ओढा!'

मी म्हटलं, 'माफ करा बाई, लहान आहे...' आणि बोलता बोलता त्यांना आली शिंक. पायात पाय. साडीचं टोक मुठीत. मान वर, छताकडे.

मी हळूच विचारलं, 'किती दिवसांपासून?'

'अकरा वर्षं,' बाई म्हणाल्या.

काय करणार? तिथेच दारात दोघी उभ्या, आत ओढा, वर ओढा, बबडी मोजतेय, एक, दोन, चार... अंगठा लागला नऊ पंचेचाळीसला, अर्धा दिवस कापला. माझा स्वतःचा अजून एखादा थेंब कधीमधी दगा देतो, मी काय मोठी शिकवणारी! पण एकेका बाईला असं दारात धरून सांगत बसले तर माझी नोकरी राहायची नाही हो. म्हणून हात जोडते, माझ्यासाठी नाही, त्या अंगठ्यासाठी... शिंकताना जी छताकडे बघेल, तिला आता तुम्हीच सांगा!