बुधरी सिस्टरचा पास

...अन् मंग तुमीच सांगा, 'दोन किलवर' म्हनलं अन् हातात किलवर नावालेई नसन, तं त्याले खोटं बोलनं म्हनाचं का नाई? म्हनाचं ना! पन नाई! डॉक्टर अमर सायेब चश्मा पुसत म्हनते, "अहो बुधरीबाई, ते खोटं नाही, ते कन्व्हेन्शन आहे!" घ्या! खोट्याले इंग्रजी नाव देलं का त्याची विद्या होते, भाऊ! आता तुमाले सांगतो, ही बुधरी सिस्टर म्हनजे आमच्या धानोऱ्याच्या सरकारी दवाखान्यातली नर्स, अकरा वर्साची नोकरी, अर्ध्या तालुक्याचे पोट्टे तिच्या हातावर जन्मले, माहेरची गोंडी, शाळेतली मराठी, बाजारातली हिंदी, तीन-तीन भाषा तिच्या जिभेवर... अन् पस्तिशी उलटल्यावर तिले ही चौथी भाषा शिकाची पाळी काऊन आली? तं कारन एकच. ब्रिजले चार जन लागते, भाऊ!

अठ्ठ्यान्नवची गोठ. धानोऱ्यात तवा ब्रिज खेळनारे बरोब्बर चार. एक हे डॉक्टर सायेब, पुन्याचे, नोकरीच्या पहिल्याच बदलीत इथी येऊन पडलेले. दुसरे ब्यांकेचे म्यानेजर सुरेंद्रबाबू. तिसरे रिटायर हेडमास्तर बापूजी, ज्याईच्या ओसरीवर टेबल मांडलेला राहे. अन् चौथे रेंजर सायेब. पावसाळ्यात रेंजर सायेबाची बदली झाली, अन् हे तिघं असे उदास, असे उदास... का घरातलं कोनी गेलं का! तिघात तं धड भांडनई जमत नाई, ब्रिज कुठून जमन? चौथा शोधून शोधून थकले. तहसीलमधला एक बाबू आला, तं त्याले रमीशिवाय काई येत नाई. एक ठेकेदार आला, तो बसल्याबरोबर म्हने, "लावाचं किती?" बापूजीनं त्याले चहा पाजला अन् वाटेले लावला.

अशात एक दिवस संध्याकाळी पाचच्या सुमाराले बुधरी सिस्टर लसीकरनाचा कागद घेऊन ओसरीवर गेली. डॉक्टरची सही पायजे होती. सायेब पत्त्यात बुडलेले. तिघंच खेळत होते, चौथ्याचे पत्ते टेबलावर उघडे. म्हने, "सिस्टर, दोन मिनिटं हं." ते दोन मिनिटं झाले वीस. बिचारी उभी. आता सायेब हातातले दोन पत्ते घेऊन इचार करून राह्यले, हा टाकू का तो टाकू, हा टाकू का तो... अन् सिस्टरच्या तोंडातून निघून गेलं, "सर, बदामचा गुलाम बापूजीकडं हाय. बाकीचे बारा बदाम निघून गेले, अन् म्यानेजर सायेबाजवळचे बदाम तं मघाच सरले."

बापूजीनं पत्ते छातीले लावले. सुरेंद्रबाबू म्हने, "तुमाले कसं मालूम?" ती म्हने, "मोजले ना. उभ्या उभ्या दुसरं काय करू?"

सही राहून गेली तिथीच! आतून बापूजीच्या बायको गिरजाबाई बाहेर आल्या, तिघाचे तोंड पाह्यले अन् म्हने, "पोरी, उद्यापासून येत जाय पाचले. मी आहो इथी ओसरीवर, कोनाची बोलाची हिंमत नाई." बोलनारे बोललेच म्हना, तीन गड्यात एक बाई पत्ते पिसते म्हनून. पन बुधरीचा नवरा विनोद, लाइनमन, खंब्यावर चढनारा मानूस, त्यानं एकच इचारलं, "पैसे लावते का?" म्हने नाई. "मंग जाय. मी खिचडी टाकतो." संपली गोठ! अन् तसंई... ब्रिजले चार जन लागते, भाऊ!

आता शिकनं सुरू झालं. पत्ते खेळनं तं सोपं, तुमाले सांगतो, खरी भानगड बोलीची. म्हनजे खेळाच्या आधी लिलाव होते, का आपली जोडी किती हात करन अन् कोनत्या रंगात करन. बोलता येते तं फक्त आकडा अन् रंग, नाईतं 'पास', नाईतं 'डबल'. बस! "माह्याकडं दोन एक्के हाय" असं म्हनता येत नाई, डोळा मारता येत नाई, खोकलता येत नाई. मंग समोर बसलेल्या आपल्या जोडीदाराले सांगाचं कसं? तं त्यासाठी हे कन्व्हेन्शन. डॉक्टर सायेबानं तिले दोनशे पानाची वही आनून देली. "लिहा. मी 'एक नो ट्रम्प', म्हणजे बिनहुकमी, म्हणालो, तुम्ही 'दोन किलवर' म्हणालात, तर तो प्रश्न आहे, की माझ्याकडे बदामाची किंवा इस्पिकची चार पानं आहेत का? नसतील, तर मी म्हणणार 'दोन चौकट'."

"म्हनजे तुमच्याकडं चौकट हाय."

"नाही! चौकटचा संबंध नाही!"

"मंग मी किलवर म्हनली, माह्याकडं किलवर नाई. तुमी चौकट म्हनले, तुमच्याकडं चौकट नाई. सर, मंग आपून बोलून काय राह्यलो?"

सुरेंद्रबाबू असे हासले का चहा नाकातून आला! पन डॉक्टर नाई हासले. डॉक्टर म्हने, "पुढे लिहा. 'चार नो ट्रम्प' म्हणजे एक्के किती." तिनं लिवलं. रात-दिवस ते वही तिच्या पर्समधी, थर्मामीटरच्या बाजूले. उपकेंद्रावर जाताना एसटीत पाठ करे, "बारा पॉइंटले सुरुवात, एक्क्याचे चार, राजाचे तीन, रानीचे दोन..." बाजूची बाई तिले जागा सोडून दे, का सिस्टरच्या अंगात आलं का काय!

अन् एक दिवस तिच्या ध्यानात आलं, का अरे, हे तं मी अकरा वर्सापासून करून राह्यली! दवाखान्यात बाई येते, सोबत सासू. बाई म्हनते, "डोकं दुखते." डोकं-बिकं काई दुखत नाई! तिले पाळना लांबवाच्या गोळ्या पायजे. सासूसमोर म्हनन कशी? सिस्टर गोंडीत इचारते, "किती दिवसापासून?" बाई सांगते, "धाकटा सहा महिन्याचा झाला तवापासून." झालं! दोघी समजल्या, सासूले पत्ता नाई, अन् डॉक्टरले तं त्याहून नाई! तो बिचारा पुन्याचा मानूस, दिवसभर सिस्टरच्या भरवशावर गोंडी समजे, अन् पाच वाजल्यावर त्याच सिस्टरले म्हने, "तुम्हाला बोली कळत नाही!" पन ती आयकून घे. कारन एक तं सायेब शिकवे मनापासून, अन् दुसरं... ब्रिजले चार जन लागते, भाऊ!

आता मधीच एक घोटाळा झाला, तो तुमाले सांगाच लागन. एक दिवस सुरेंद्रबाबूनं 'एक बदाम' म्हनलं. डॉक्टर म्हने, 'डबल'. आता हे डबल म्हनजे काय, तं जोडीदाराले हाक. बाकीच्या रंगाचे चांगले पत्ते माह्याकडं हाय, तू तुहा रंग सांग, काई झालं तरी सांग; नाई बोलला, तं समोरच्याची तेच बोली दुपटीच्या हिशोबानं कायम. बापूजी म्हने पास. बुधरीच्या हातात सगळे कचरा पत्ते. दुग्गी, तिग्गी, चव्वी. घाबरून गेली अन् म्हने, "पास." सुरेंद्रबाबूनं वरचे दोन हात जास्तीचे काढून नेले! डॉक्टर असे लाल झाले, म्हने, "टेकआउट डबलला पास? अहो, मी तुमच्यापुढे हात जोडून उभा आहे, बोला म्हणतोय, आणि तुम्ही मला दारात उभं करून दार लावून घेता? जितके वाईट पत्ते, तितकं बोलणं जरुरी! हा गुन्हा आहे, गुन्हा!" बाई रडाची बाकी राह्यली. वहीत लाल पेनानं लिवलं, 'सर डबल म्हनतीन तं बोलाचंच.' खाली दोन रेघा मारल्या.

अन् सायेब नुसता ब्रिजचा सायेब नाई, ध्यानात घ्या! दवाखान्याचाई सायेब. त्या वर्सी बुधरीची बढती होती, आरोग्य सहायिका म्हनून. त्याच्यासाठी गोपनीय अहवाल कोन लिवनार? हेच डॉक्टर. आता ज्याच्या पेनात आपली बढती, त्याच्याच समोर बसून पत्ते खेळाचे, अन् चुकाचंई नाई. तुमी खेळसान? मी तं नाई खेळत!

जानेवारीत चंद्रपूरले सामने निघाले. एका क्लबात, बत्तीस जोड्या. धानोऱ्याच्या दोन जोड्या लाल एसटीत बसून सकाळीच निघाल्या. डॉक्टर अन् बुधरी एक, सुरेंद्रबाबू अन् बापूजी दुसरी. हॉलमधी पंखे, पांढरे टेबलक्लॉथ, अन् चौसष्ट मानसात बाई एकच. आमची! तिनं निळ्या काठाची साडी नेसली होती, दवाखान्याचीच, इस्त्री करून. दुपारून एका टेबलावर बसले, तं समोर सोन्याच्या फ्रेमचा चश्मावाला एक मोठा सायेब. तो तिच्याकडं पाहून डॉक्टरले म्हने, "सिस्टर को साथ में लाए हैं? अच्छा किया, अच्छा किया, स्कोर लिखने को कोई चाहिए."

बुधरीनं खाली पाह्यलं. अन् डॉक्टर म्हने, "या स्कोर लिहायला आलेल्या नाहीत. या माझ्या पार्टनर आहेत." असं, सरळ! तिले असं वाटलं का आता काई झालं तरी या मानसाची मान खाली नाई जाऊ द्याची.

पत्ते वाटले. फ्रेमवाला म्हने, "एक इस्पिक." डॉक्टर म्हने, "डबल." फ्रेमवाल्याचा जोडीदार पास. आता पाळी बुधरीची. लाल पेन, दोन रेघा, बोलाचंच! अन् तिनं पत्ते उघडून पाह्यले, तं इस्पिकचा राजा, गुलाम, दश्शी, नव्वी, सत्ती! पाच! ज्या रंगाले तो फ्रेमवाला आपला म्हनून राह्यला, त्याचे पाच पत्ते, अन् तेई असे दांडगे, हिच्या हातात! आता सांगा, बोलाचं कायले? दुसऱ्या रंगाची बोली लावून त्याले सोडवाचं कायले? मानूस आपल्या पायानं दलदलीत उतरून राह्यला, तं त्याले हात देऊन वर काढाचं का? पन नियम? पन सायेब? पन तो अहवाल? इचारता येत नाई, इशारा करता येत नाई, तोंडाची रेघ हालवता येत नाई...

"पास."

डॉक्टर सायेबाचे कान लाल झाले! फ्रेमवाला हासला अन् तोई पास. झालं, लिलाव बंद. 'एक' म्हनजे सहाच्या वर एक, तवा फ्रेमवाल्याले इस्पिक हुकूम घेऊन सात हात कराचे, अन् पहिला पत्ता टाकाचा डॉक्टरनं. डॉक्टर पत्त्याकडं पाहे, बुधरीकडं पाहे. बुधरी पत्त्याकडं पाहे. आता ह्या बाईनं पह्यल्यासारखा घाबरून पास देला, का काई समजून देला? समजून देला असन तं हुकूमच खेळाले पायजे, म्हनजे त्याचे हुकूम निघून जातीन. घाबरून देला असन, तं हुकूम खेळनं म्हनजे खड्डा! मिनिटभर गेला. दीड मिनिट गेला. फ्रेमवाला म्हने, "डॉक्टर साब, ऑपरेशन नहीं करना है."

अन् डॉक्टरनं हातातला एकुलता एक इस्पिक काढून टेबलावर ठेवला. पंजी.

बुधरी मले म्हने, "भाऊ, बढती नाई भेटली असती तरी चाललं असतं. सरनं ते पंजी टाकली ना, मले तवाच सगळं भेटलं."

मंग काय इचारता! फ्रेमवाला हुकूम मारते, तं बुधरीचा हुकूम वर. हुकूम काढाले जाते, तं बुधरीचे हुकूम सरतच नाई! सातचा वादा, अन् हात झाले चार! तीन कमी, त्याच्यात डबल, त्याच्यात त्याईची बाजू जास्त दंडाची... आठशे पॉइंट! अन् तेच पत्ते सगळ्या टेबलावर फिरते बरं का, म्हनजे नशिबाचं नाव सांगताच येत नाई. बाकीच्या टेबलावर डबलले सगळ्यानं नियमानं उत्तर देलं अन् थोडे थोडे पॉइंट घेतले. आठशे एकट्या धानोऱ्याले! फ्रेमवाल्यानं चश्मा काढला, पुसला, अन् स्कोरचा कागद स्वताच्या हातानं लिवला.

बत्तीस जोड्यात तिसरा नंबर, तुमाले सांगतो! तिसरा! सुरेंद्रबाबू अन् बापूजी एकोनतिसावे, पन त्याईचीच छाती जास्त फुगलेली.

वापस येताना एसटी मूल गावाले थांबली. चहासाठी उतरले, तवा डॉक्टर म्हने, "बुधरीबाई, भीती नाही वाटली?"

"वाटली ना सर. पन पत्ते पाच होते."

सायेबानं चहा तसाच ठेवला, खिशातून पेन काढला, तिची वही मांगितली, अन् ते लाल वाक्य होतं ना, त्याच्या खाली आपल्या अक्षरात लिवलं, 'अपवाद: बुधरीबाईंना विचारा.' मार्चमधी अहवालई लिवला. त्यात 'निर्णयक्षमता'च्या समोर लिवलं, 'माझ्यापेक्षा चांगली'. वरच्या ऑफिसानं इचारलं म्हने, का हे असं लिहाची पद्धत नाई. सायेबानं उत्तर देलं, का पत्ते पाच होते. ऑफिसले काई समजलं नाई, पन बढती झाली!

अन् बक्षीस? हां, ते राह्यलंच! आता त्या क्लबवाल्यानं बक्षिसं आधीच आनून ठेवलेले. तिसऱ्या नंबरले सफारीचं कापड. दोघालेई! बाई जिंकन हे कोनाच्या हिशोबातच नाई. बक्षीस देनारा सायेब कापड हातात घेऊन थांबला, अन् मंग हासून म्हने, "मिस्टरांना होईल!" बुधरी म्हने, "होईन जी. पन त्याईले ब्रिज येत नाई."

विनोदनं शिवून घेतला तो सफारी. करडा रंग, चार खिसे. लग्न असो, बारसं असो, लाइन दुरुस्तीले जानं असो, सफारीच! अन् कोनी इचारलं, "विनोदभाऊ, सफारी कुठचा?" तं हा मानूस कॉलर नीट करते, अन् भर बाजारात सांगते, "बायकोनं कमावला. अन् बोलली किती मालूम हाय? एकच शब्द!"

लोक म्हनते, "नशीबवान हाय गड्या!"

तो म्हनते, "कायचा नशीबवान? घरी बोलते ना ती बाकीचे शब्द."