धुराचा अलार्म

मुलगी : ...आणि या पडद्याचा अर्धा काठ कुठे गेला, बाबा?

वडील : जुना झाला होता. कापला.

मुलगी : कापलेला काठ काळा पडत नाही. हात दाखवा. दाखवा म्हणते ना!

वडील : जरासं चटकलंय गं. तू बस बघू आधी. आल्यापासून पायाला भिंगरी लागल्यासारखी फिरतेयस.

मुलगी : जरासं? दिवसभर वॉर्डात भाजलेल्यांच्याच पट्ट्या बदलते मी. मला नका शिकवू. काय होतं गॅसवर?

वडील : दूध. खुर्चीत डोळा लागला. वाऱ्यानं पडदा आत आला. वासानं जाग आली, ओला टॉवेल टाकला, विझलं. संपला विषय.

मुलगी : संपला कसा? अलार्म नाही वाजला?

वडील : चहा टाकू तुला?

मुलगी : बॅटरी काढलीत त्याची?

वडील : खणात आहे. तवा तापला की कोकलायला लागतो तो. कानठळ्या बसतात.

मुलगी : म्हणून त्याला मुका केलात?

वडील : तो वाजला की शेजारच्या काकू धावत येतात. आता पुन्हा वाजला तर तुला फोन करणार म्हणाल्यात. मग तू म्हणणार, बाबांना आता एकटं ठेवायला नको. माझं बिऱ्हाड हलवणार.

मुलगी : म्हणजे ही पहिली वेळ नाही.

वडील : तिसरी.

मुलगी : तिसरी! दोनदा काकू आल्या म्हणून निभावलं, आणि त्यांनाच बोलावणारा बंद केलात! द्या ती बॅटरी, आणि स्टूल धरा. गेल्या आठवड्यात एक आजोबा आले आमच्याकडे. त्यांच्या घरीही असाच होता, बॅटरी काढलेला.

वडील : मग? काय झालं त्यांचं?

मुलगी : स्टूल नीट धरा.

(ती स्टुलावर चढून छताच्या अलार्ममध्ये बॅटरी घालते, बटण दाबते. कर्कश आवाज घरभर घुमतो. तिचा मोकळा हात आपसूक कानावर जातो. वडील खाली मान घालून स्टूल धरून उभे.)

वडील : दाब की.

मुलगी : बाबा...

वडील : उलटी बसली असेल. काढून बघ.

मुलगी : बाबा, दाबलं होतं. वाजून थांबला. कानठळ्या बसतात म्हणालात.

वडील : ते काकू म्हणतात. मला त्यांची दारावरची थापच ऐकू यायची. तीस वर्षं छापखान्याच्या यंत्रांपाशी काढली गं. तुझं बोलणं कळतं अजून. असले उंच पट्टीतले आवाज मात्र गेले.

मुलगी : सांगितलं का नाहीत?

वडील : सांगितलं असतं, तर राहू दिलं असतंस मला इथं?

मुलगी : उशीखाली ठेवायचा अलार्म मिळतो. धूर झाला की हादरतो, दिवाही लुकलुकतो. उद्या आणते. खुर्चीलाही एक लावू. गॅसही आपोआप बंद होणारा घेऊ.

वडील : इथं लावायचा? या घरात?

मुलगी : मग कुठं?

वडील : ...आणि आजच्या दिवस?

मुलगी : आज मी आहे ना.